रक्ताच्या स्फटिकात बावीस वर्षे

कापसाच्या धाग्यावर मोठे झालेले ते घराणे होते. यवतमाळ जिल्ह्यातील माणसाला कापूस काही नवा नाही. पण आपण कापूस पिकवतो, बाजारात नेतो आणि मिळेल त्या भावाला विकून मोकळे होतो. व्हिएन्नातील पेरुट्झ घराण्याने आणि त्यांच्या सोयऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात यंत्रावरची सूतकताई आणि विणकाम आणले व त्यावर गडगंज संपत्ती मिळवली. या घरात १९ मे १९१४ रोजी मॅक्स फर्डिनांड पेरुट्झ यांचा जन्म झाला. मुलाने कायदा शिकावा आणि गिरण्यांचा कारभार सांभाळावा अशी आईवडिलांची इच्छा होती. ते काही जमले नाही. शाळेतल्या एका मास्तरांनी रसायनशास्त्राची गोडी लावली आणि १९३२ साली हा मुलगा व्हिएन्ना विद्यापीठात रसायनशास्त्र शिकू लागला. पुढे त्याने आपले जवळजवळ सारे आयुष्य एका रेणूसाठी वाहिले. तो रेणू म्हणजे आपल्या रक्ताला लाल रंग देणारे हिमोग्लोबिन.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. इतिहास आणि मराठी वाङ्मय हे माझे विषय. दहावीनंतर विज्ञानाचे पुस्तक मी हातात धरले नव्हते. तेव्हा ही बया पेरुट्झसाहेबांच्या वाटेला कशी गेली, असे आमच्या काही प्राध्यापकांना वाटेल. कारण साधे आहे. गेल्या वर्षी आमच्या गावी सिकलसेलची तपासणी करणारे पथक आले होते. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतात, तो एका छोट्या नळीतल्या द्रावणात टाकतात आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा स्वच्छ दिसल्या तर काळजी नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या गेल्या तर पुढची तपासणी. माझ्या धाकट्या भावाला हा आजार आहे हे आम्हाला तो पाच वर्षांचा असल्यापासून ठाऊक आहे. थंडीच्या दिवसांत हातापायांच्या सांध्यांत कळा येऊन तो रात्र रात्र कण्हत असतो. माझ्याही नळीतल्या रेघा दिसेनाशा झाल्या. पुढच्या तपासणीत ‘एएस’ असे उत्तर आले. म्हणजे मी वाहक. मला स्वतःला काही त्रास नाही. पण उद्या माझे लग्न दुसऱ्या वाहकाशी झाले, तर प्रत्येक बाळंतपणात चारातला एक संभव असा, की मूल माझ्या भावासारखे निघेल. स्थळे पाहण्याच्या वयातल्या मुलीला हे गणित कुणी दोनदा शिकवावे लागत नाही. मात्र ते द्रावण गढूळ का होते, एवढे मला कुणी सांगेना. ते शोधता शोधता मी या माणसापर्यंत पोचले.

पेरुट्झ यांना व्हिएन्नात सुरुवातीला निराशाच वाट्याला आली. पाच सत्रे असेंद्रिय पृथक्करणाच्या रटाळ कामात गेली. पुढे एका व्याख्यानात केंब्रिजच्या हॉपकिन्स यांच्या जीवरसायनशास्त्रातील कामाविषयी त्यांनी ऐकले आणि तिथे जायचे असे ठरवले. हेर्मान मार्क नावाचे प्राध्यापक केंब्रिजला निघाले होते. हॉपकिन्स यांच्याकडे माझ्यासाठी शब्द टाका, असे पेरुट्झ यांनी त्यांना विनवले. मार्क ते साफ विसरून गेले. पण तिथे त्यांना जे. डी. बर्नाल भेटले आणि बर्नालना एक विद्यार्थी हवा होता. स्फटिकांचे आपल्याला ओ की ठो कळत नाही, असे पेरुट्झ यांचे म्हणणे. शिकशील, असे मार्क यांचे उत्तर. अशा रीतीने सप्टेंबर १९३६ मध्ये वडिलांनी दिलेले ५०० पौंड घेऊन हा बावीस वर्षांचा तरुण कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत दाखल झाला.

आता स्फटिक म्हणजे काय आणि त्याचा प्रथिनांशी काय संबंध, हे थोडे सांगितले पाहिजे. खडीसाखर, तुरटी, मीठ यांचे स्फटिक आपण रोज पाहतो. त्यात रेणू कवायतीच्या रांगांसारखे नेमक्या अंतरावर उभे असतात. प्रथिनांचे रेणू आकाराने अवाढव्य, पण त्यांनाही कधी कधी अशा रांगांत उभे करता येते. हिमोग्लोबिनचे स्फटिक तर एकोणिसाव्या शतकापासून लोकांना माहीत होते. रात्री बारीक विणीच्या मलमलीच्या कापडातून किंवा छत्रीतून दूरचा दिवा पाहा. एकाच दिव्याभोवती दिव्यांची नक्षी उमटलेली दिसेल. कापडाची वीण बदलली की नक्षी बदलते. म्हणजे नक्षीवरून विणीचा अंदाज करता येतो. अणू हे प्रकाशाच्या लहरींच्या मानाने हजारो पटींनी लहान, म्हणून तिथे दिव्याचा प्रकाश चालत नाही. क्ष-किरणांची लहर मात्र अणूअणूंमधल्या अंतराएवढीच असते. ते स्फटिकातून पाठवले की पलीकडच्या फिल्मवर ठिपक्यांची रांगोळी उमटते. १९३४ साली बर्नाल आणि डोरोथी क्रोफूट (पुढे हॉजकिन) यांनी पेप्सिनचा स्फटिक सुकू न देता त्याच्याच द्रवात ठेवून असे छायाचित्र घेतले आणि प्रथिनांनाही नेमकी रचना असते हे दाखवून दिले. तोवर प्रथिन म्हणजे कसलातरी चिकट लगदा असेल, असे समजणारे पुष्कळ होते.

१९३७ मध्ये प्राग येथे फेलिक्स हौरोविट्झ यांच्याशी बोलताना हिमोग्लोबिनची निवड झाली. केंब्रिजच्याच ॲडेअर यांनी घोड्याच्या रक्तातील हिमोग्लोबिनचे स्फटिक दिले. काम सुरू होते न होते तोच मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. पेरुट्झ घराणे बाप्तिस्मा घेतलेले असले तरी वंशाने ज्यू. गिरण्या गेल्या, घर गेले, आईवडील निर्वासित झाले आणि मुलाचे पैसे बंद पडले. त्या सुमारास कॅव्हेंडिशचे प्रमुख म्हणून लॉरेन्स ब्रॅग आले होते. पेरुट्झ आपली ठिपक्यांची छायाचित्रे घेऊन त्यांच्याकडे गेले. ब्रॅग यांनी स्वतः तरुणपणी साध्या मिठाची रचना क्ष-किरणांनी उलगडली होती. या राक्षसी रेणूचे चित्र पाहून त्यांचे डोळे चमकले. त्यांनी रॉकफेलर प्रतिष्ठानकडून अनुदान मिळवून दिले आणि १ जानेवारी १९३९ पासून पेरुट्झ यांची भाकरी सुरू झाली. मिठात दोन तऱ्हेचे अणू आणि हिमोग्लोबिनमध्ये हजारो, हे ठाऊक असूनही ब्रॅग यांनी हा जुगार खेळला. मला या गोष्टीत पेरुट्झ यांच्याइतकेच ब्रॅगही मोठे वाटतात.

युद्ध सुरू झाले आणि मे १९४० मध्ये इंग्रज सरकारने शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून पेरुट्झ यांना स्थानबद्ध केले. ज्या हिटलरने घरदार हिसकावले त्याचाच हस्तक म्हणून! आधी आइल ऑफ मॅन, मग बोटीत कोंबून कॅनडा. तिथल्या छावणीत त्यांनी कैद्यांचेच एक विद्यापीठ उभे केले. गणिताचे वर्ग हेर्मान बाँडी घेत. जानेवारी १९४१ मध्ये ते परतले. पुढे ज्या सरकारने कैद केले त्याच सरकारने एका विलक्षण कामाला लावले. आल्प्समधील हिमनद्यांवर त्यांनी १९३८ साली संशोधन केलेले होते. त्या ज्ञानाचा उपयोग करून बर्फाचे तरंगते विमानतळ, २००० फूट लांबीचे, समुद्रात सोडावे अशी योजना निघाली. लंडनच्या स्मिथफील्ड बाजारातील मांसाच्या शीतगृहात, तळघरात बसून पेरुट्झ लाकडाचा लगदा मिसळलेल्या बर्फाची ताकद मोजत होते. या योजनेची पाठराखण करणारे साहेब म्हणजे लॉर्ड माउंटबॅटन, जे पुढे आपल्याकडे अखेरचे व्हाइसरॉय म्हणून आले. जहाज काही बनले नाही. असो.

१९४२ साली गिझेला पाइझर यांच्याशी विवाह झाला. युद्धानंतर जॉन केंड्रू येऊन मिळाले. केंड्रू युद्धकाळात सिलोनमध्ये होते आणि तिथेच बर्नालनी त्यांना प्रथिनांच्या नादी लावले होते. १९४७ साली या दोघांसाठी वैद्यकीय संशोधन परिषदेने एक छोटासा विभाग काढला. त्यात पुढे क्रिक आले, वॉटसन आले.

पण हिमोग्लोबिन हलेना. अडचण अशी होती. फिल्मवरच्या ठिपक्याचा ठसठशीतपणा मोजून लहरीची उंची कळते. पण ती लहर इतर लहरींच्या मानाने पुढे आहे की मागे, हे फिल्म सांगत नाही. भौतिकशास्त्राच्या मराठी पुस्तकांत याला लहरीची ‘कला’ म्हणतात. आम्हा कला शाखेच्या लोकांना हे वाचून जरा बरे वाटले, की विज्ञानवाल्यांचेही सारे घोडे कलेपाशीच अडले होते! कला कळल्याशिवाय ठिपक्यांवरून चित्र बनवता येत नाही. पेरुट्झ यांनी आडवाटेने जाऊन १९४९ च्या सुमारास एक प्रतिकृती मांडली : टोपीच्या गोल खोक्यात समांतर काड्या रचाव्यात तसे हिमोग्लोबिन असेल. १९५१ मध्ये नुकत्याच आलेल्या क्रिक यांनी सर्वांसमोर सिद्ध केले की हे चुकीचे आहे. बारा-चौदा वर्षांचे काम, आणि विभागात नवखा असलेला एक विद्यार्थी ते खोडून काढतो. आपल्याकडे काय झाले असते याची कल्पना वाचकांनी करावी. पेरुट्झ यांनी क्रिकला विभागातून काढले नाही.

त्याच वर्षी दुसरा तडाखा अमेरिकेतून आला. लायनस पॉलिंग यांनी प्रथिनांच्या साखळीची सर्पिल रचना, म्हणजे अल्फा हेलिक्स, प्रसिद्ध केली. केंब्रिजचे लोक हीच गोष्ट शोधत होते आणि त्यांना ती सापडली नव्हती. पेरुट्झ यांनी शनिवारी सकाळी लेख वाचला. ही सर्पिल रचना खरी असेल तर फिल्मवर एका ठराविक, आजवर कुणी न पाहिलेल्या जागी ठिपका दिसलाच पाहिजे, हे त्यांच्या ध्यानात आले. ते सायकलवरून प्रयोगशाळेत गेले, घोड्याचा एक केस क्ष-किरणांत तिरपा धरला, आणि ठिपका तिथे होता. प्रतिस्पर्ध्याचे खरे आहे याचा पक्का पुरावा असा प्रतिस्पर्ध्यानेच मिळवून दिला. मला त्यांच्या चरित्रातला हा भाग नोबेल पारितोषिकापेक्षा अधिक आवडतो.

कलेचा प्रश्न १९५३ मध्ये सुटला. अमेरिकेतून एक निबंध आला. त्यात पारा असलेले एक संयुग हिमोग्लोबिनला चिकटवले तरी त्याचे काम बिघडत नाही, असे म्हटले होते. पेरुट्झ यांनी ओळखले की पाऱ्याचा अणू जड, तो क्ष-किरणांना जोराने विखुरतो. प्रत्येक रेणूत पाऱ्याचे दोन अणू बसवले, पुन्हा छायाचित्र घेतले आणि अंधाऱ्या खोलीत फिल्म धुतली. ठिपके जागच्या जागी होते, पण त्यांचा ठसठशीतपणा बदलला होता. अनोळखी गावात रात्री शिरावे आणि देवळाच्या कळसावर कुणीतरी दिवा लावावा, म्हणजे मग बाकीच्या गल्ल्यांची दिशा लागते, तसे हे झाले. ते ब्रॅग यांना बोलावून आणायला धावले. ही युक्ती आजही प्रथिनांच्या स्फटिकविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात शिकवतात.

त्याच १९५३ सालातली एक गोष्ट मात्र त्यांच्या खात्यावर डाग म्हणूनच मांडली पाहिजे. लंडनच्या किंग्ज कॉलेजचा एक अहवाल परीक्षण समितीचे सदस्य म्हणून त्यांच्याकडे आला होता. त्यात रोझॅलिंड फ्रँकलिन यांची डीएनएवरील मोजमापे होती. पेरुट्झ यांनी तो वॉटसन आणि क्रिक यांना दाखवला. अहवाल गोपनीय नव्हता, असे त्यांनी पुढे १९६९ मध्ये स्पष्टीकरण दिले. तिथल्या प्रमुखांना विचारायला हवे होते, हेही मान्य केले. पण फ्रँकलिन १९५८ मध्येच, अवघ्या सदतिसाव्या वर्षी वारल्या होत्या. प्रमुखांना विचारण्याच्या गोष्टी झाल्या. ज्या बाईने ते आकडे मिळवले तिला विचारावे, हे त्या वेळी कुणाला सुचलेले दिसत नाही.

सप्टेंबर १९५९ मध्ये हिमोग्लोबिनचा पहिला नकाशा तयार झाला आणि १९६० च्या आरंभी प्रसिद्ध झाला. १९३७ पासून मोजले तर बावीस वर्षे. चार साखळ्या, त्यांत मिळून ५७४ ॲमिनो आम्ले, आणि प्रत्येक साखळीच्या कुशीत लोहाचा एक अणू, ज्याला प्राणवायू चिकटतो. सुरुवातीचा नकाशा धूसर होता. अणू स्पष्ट दिसण्याजोगा नकाशा यायला १९६८ साल उजाडले. केंड्रू यांनी मायोग्लोबिनची रचना आधीच काढली होती. १९६२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोघांना मिळून मिळाले आणि त्याच वर्षी वैद्यकाचे क्रिक, वॉटसन व विल्किन्स यांना.

आता त्या गढूळ नळीकडे येते. १९५० साली पेरुट्झ आणि मिचिसन यांनी दाखवले की सिकलसेलच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन प्राणवायू सोडल्यावर कमालीचे अविद्राव्य होते. ते विरघळलेले राहतच नाही, पेशीच्या आतच साकळते आणि पेशी विळ्यासारखी वाकते. आपल्याकडे विळ्याला इळा म्हणतात. त्या वाकड्या पेशी बारीक शिरांत अडकतात आणि कळा येतात. गावोगावच्या शिबिरांतली ती नळी याच गोष्टीवर उभी आहे : द्रावणातले रसायन रक्तातला प्राणवायू काढून घेते, आणि दोषी हिमोग्लोबिन विरघळत नाही म्हणून पाणी गढुळते. हा रेणूचाच आजार आहे, हे पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये सांगितले होते. रेणूत नेमके कुठे बिघडले, हे पेरुट्झ यांच्याच विभागात काम करणाऱ्या व्हर्नन इनग्राम यांनी १९५६-५७ मध्ये शोधले. बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते. बस्स, एवढेच. १४६ मण्यांच्या माळेत एक मणी बदललेला. रचना कळल्यावर पुढचेही कळले. हा मणी रेणूच्या बाहेरच्या अंगाला आहे. प्राणवायू सुटला की शेजारच्या रेणूवर नेमकी त्याला बसेल अशी खाच उघडते, एक दुसऱ्यात अडकतो, दुसरा तिसऱ्यात, आणि दोरखंड वळला जातो. माझ्या भावाच्या सांध्यात जे दुखते ते हे.

भारतात हा दोष प्रथम १९५२ साली निलगिरीतील आदिवासींमध्ये लेहमान आणि कटबुश यांना आढळला. हेच हेर्मान लेहमान, तेही जर्मनीतून आलेले निर्वासित, पुढे केंब्रिजला स्थायिक झाले आणि १९६८ मध्ये त्यांनी व पेरुट्झ यांनी मिळून जगभरातले सदोष हिमोग्लोबिन त्या नव्या नकाशावर मांडून दाखवले. विदर्भात हा दोष आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या वस्तीत अधिक आहे. त्याचे कारण पापात किंवा करणीत शोधणारे लोक अजून भेटतात. खरे कारण हिवताप. वाहकाला जीवघेण्या हिवतापापासून थोडे संरक्षण मिळते, म्हणून जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता तिथे हा दोष टिकून राहिला.

पेरुट्झ १९६२ ते १९७९ केंब्रिजच्या रेणवीय जीवशास्त्र प्रयोगशाळेचे प्रमुख होते. प्रमुख असूनही ते दिवसाचा बहुतेक वेळ स्वतः प्रयोग करीत. सर्वांत वरच्या मजल्यावर एक उपाहारगृह होते. त्याची देखरेख गिझेलाबाई करीत. सकाळची कॉफी, दुपारचे जेवण, चहा, सगळे तिथेच, आणि नोबेलवाला असो की कालचा विद्यार्थी, मिळेल त्या खुर्चीवर बसायचे. आमच्या महाविद्यालयात असे काही सुरू करावे, अशी सूचना मी नम्रपणे करते.

नकाशा हाती आला म्हणून ते थांबले नाहीत. हौरोविट्झ यांनी १९३८ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते, की हिमोग्लोबिनच्या स्फटिकात प्राणवायू शिरला की स्फटिक तडकतो. म्हणजे रेणू आपला आकार बदलतो. कसा बदलतो, याचे उत्तर पेरुट्झ यांनी १९७० मध्ये दिले. लोहाचा अणू किंचित सरकतो, तो आपल्याबरोबर साखळी ओढतो, चारही साखळ्या एकमेकींवर वळतात, आणि पहिला प्राणवायू बसला की पुढच्यांना वाट सोपी होते. त्यावर वाद झाले आणि ते वर्षानुवर्षे उत्तरे देत राहिले. निवृत्तीनंतरही सिकलसेलवर औषध सापडावे म्हणून डोनाल्ड अब्राहम यांच्याबरोबर त्यांनी काम केले. २००१ च्या नाताळापर्यंत ते प्रयोगशाळेत जात होते. ६ फेब्रुवारी २००२ रोजी केंब्रिज येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

प्रथिनांच्या रचनांची जागतिक पेढी १९७१ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यात जेमतेम सात रचना होत्या. आता दोन लाखांहून अधिक आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य क्ष-किरणांनी काढलेल्या. आपल्याकडे मद्रासला रामचंद्रन यांनी, पुढे बंगळूरला विजयन यांनी या शास्त्राची परंपरा उभी केली. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि मुंबईचे भाभा केंद्र येथेही हे काम झाले आहे. आता संगणक नुसत्या माळेवरून आकार सांगतो आणि त्यासाठी २०२४ चे नोबेलही दिले गेले. पण तो संगणक शिकला तो याच पेढीतल्या नकाशांवर.

औषधाचे म्हणाल तर हिमोग्लोबिनच्या रचनेवरून घडवलेले व्हॉक्सेलोटर हे औषध २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतले. भारत सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. आपल्याकडच्या रुग्णांना दिली जाते ती गोळी हायड्रॉक्सियुरियाची. ती पेरुट्झ यांच्या नकाशावरून तयार झालेली नाही. ती मुळात कर्करोगाची. ती रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते, आणि ते हिमोग्लोबिन त्या दोरखंडात वळले जात नाही. ते का वळले जात नाही, हे मात्र नकाशावर दिसते.